सभासद कोणाचे? विणकाम खात्यापासून वेब डेव्हलपरपर्यंत

इंदापूर तालुक्यात 'सभासद' म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढे साखर कारखाना येतो. कारखान्याचा शेअर, सवलतीची साखर, वार्षिक सभा आणि पाच वर्षांनी येणारी निवडणूक. सभासद म्हणजे ज्याला सभेत उठून प्रश्न विचारता येतो तो माणूस. निमगाव केतकीच्या पारावर बसलेला म्हातारासुद्धा आपला शेअर कोणत्या कारखान्याचा हे अभिमानाने सांगतो. पण सभासद व्हायला ऊस लागतो आणि उसाला जमीन लागते. ज्या समाजाच्या वाट्याला जमीनच आली नाही, त्याची माणसं त्याच उसात खुरपायला गेली, तोडणीला गेली, पानमळ्यात रोजाने गेली. अपवाद सोडले तर ती सभासद झाली नाहीत. सहकाराचा इतिहास लिहिणारे ही गोष्ट तळटीपेतही घेत नाहीत. आम्ही मात्र आजच्या विषयाची सुरुवात तिथूनच करणार आहोत.

कारण त्याच घरांतली तिसरी-चौथी पिढी आज संगणकावर बसते. बारामतीत शिकलेली, हिंजवडीला किंवा खराडीला नोकरीला असलेली, आणि काहीजण तर गावातच घरी बसून दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट करून देणारी. वेब डेव्हलपमेंट हा आपल्या समाजासाठी वेगळ्याच प्रकारचा धंदा आहे. याला जमीन लागत नाही, मोठं भांडवल लागत नाही. वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते, सीएला त्यांच्या इन्स्टिट्यूटचं सभासदत्व लागतं, डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. वेबसाइट करायला कुणाचीच सनद लागत नाही. दारावर राखणदार नाही म्हणून आपली पोरं आत शिरली. पण दारावर कुणी नाही याचा दुसरा अर्थ असा, की आत गेल्यावर पाठीशीही कुणी नाही.

या मुलांना आम्ही विचारतो, तुम्ही कोणत्या संघटनेचे सभासद आहात? उत्तर ठरलेलं असतं. "आम्ही प्रोफेशनल आहोत, कामगार नाही." किंवा, "कशाला उगाच नाव पुढे करायचं, आधीच आडनाव पुढे असतं." पहिलं उत्तर भ्रमातून येतं, दुसरं अनुभवातून. दोन्हींना उत्तर द्यायचं तर आधी इतिहासात जावं लागेल, कारण आपल्या माणसांपुढे हा प्रश्न पहिल्यांदा आलेला नाही.

सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारपुढे ठेवलं. त्यातूनच बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली. कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून. आज रविवारी लॅपटॉप बंद करणाऱ्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही. पण या संघटनेत एक मोठी उणीव होती. तिच्याकडे सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, लेखी नियम नव्हते. सरकारी अधिकाऱ्यांनी हीच गोष्ट पकडून तिला संघटना मानायचंच नाकारलं. १८९७ मध्ये लोखंडे गेले आणि त्यांच्यामागे ती संघटना टिकली नाही. एका माणसाच्या तळमळीवर सुट्टी मिळवता येते, पण पुढची चाळीस वर्षं ती राखायला सभासद लागतात. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदणी, यादी, हिशेब आणि वर्गणी यांना कायद्याचं बळ दिलं, ते याच उणिवेवरचं उत्तर होतं.

दोन वर्षांनी, १९२८ साली, मुंबईच्या गिरण्यांत तो प्रचंड संप झाला. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली आणि वर्षअखेर तिची सभासद संख्या ५० हजारांच्या पुढे गेली. कम्युनिस्ट मित्र हा इतिहास अभिमानाने सांगतात आणि सांगावाच. पण तो सांगताना विणकाम खात्यापाशी त्यांचा आवाज थोडा बारीक होतो.

विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. धोट्यातल्या कांडीचा धागा संपला किंवा तुटला की नवा धागा छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला आपण तोंड लावणार नाही, असं सवर्ण कामगारांचं म्हणणं. त्यामुळे विणकाम खातं अस्पृश्यांना बंद. त्यांनी कताईच्या खात्यात कमी मजुरीवर राबायचं. इथे मालकाने वेगळा नियम करायची गरजच नव्हती, शेजारी उभा असलेला 'कॉम्रेड'च पुरेसा होता. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या मागण्यांत येणार नसेल तर आमच्या लोकांनी तुमच्या संपात का राहायचं, असा सरळ सवाल केला. तेव्हा कुठे, अनिच्छेने, ती मागणी यादीत आली. पुढच्या वर्षीच्या संपाला तर त्यांनी उघड विरोध केला.

यावरून काही लोक निष्कर्ष काढतात की बाबासाहेब युनियनविरोधी होते. हा निष्कर्ष जितका सोयीचा आहे तितकाच खोटा आहे. मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ कुणी उभा केला? १९३६ साली पक्ष काढताना त्याचं नाव 'स्वतंत्र मजूर पक्ष' कुणी ठेवलं? १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले आणि ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार, असा खुलासाही केला. रेल्वेत आपली माणसं वर्षानुवर्षं गँगमनच का राहतात, याचं त्यांनी दिलेलं कारण आजही वाचण्यासारखं आहे. पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामंही करावी लागत आणि मास्तरच्या घरात अस्पृश्य चालत नसे, म्हणून पोर्टरची जागाही नाही. म्हणजे बढती अडली ती कामाच्या लायकीवर नव्हे, तर घरच्या उंबऱ्यावर. आज 'कल्चर फिट' नावाचा जो शब्द मुलाखतीत वापरला जातो, त्याचे आजोबा हेच.

वेगळी परिषद घेऊन तुम्ही कामगारांत फूट पाडता, या आरोपालाही त्यांनी मनमाडला उत्तर दिलं. फुटीचं कारण झाकून एकी होत नाही. जे हक्क आपण दुसऱ्या कामगाराला द्यायला तयार नाही ते स्वतःसाठी मागणं चूक आहे, हे कामगाराला सांगितल्यानेच एकी होते. आणि त्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात हेच बाबासाहेब कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. १९२९ मध्ये विरोध, १९३८ मध्ये सोबत. यात विसंगती शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावी. आम्हाला त्यात एकच धोरण दिसतं. संघटनेत जायचं, पण विणकाम खात्याचा प्रश्न बाहेर ठेवून नाही.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना त्यांनी काय केलं? १९४३ मध्ये मालकाने युनियनला मान्यता देणं सक्तीचं करणारं विधेयक आणलं. कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले ते १९४६ च्या दुरुस्तीने. आठ तासांचा दिवस ही आपल्या समाजाने जयंतीच्या पोस्टरवर नेऊन ठेवलेली गोष्ट आहे. तो दिवस राखायचा कुणी, हा प्रश्न पोस्टर विचारत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये कर्नाटकात आयटी कर्मचाऱ्यांचा दिवस १४ तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा रस्त्यावर उतरली ती तिथली आयटी कर्मचाऱ्यांची युनियन केआयटीयू. २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांतले ९ तास १० करायला मंजुरी दिली. त्यावर आपल्या किती इंजिनिअर पोरांनी तोंड उघडलं?

मधला एक टप्पा आहे आणि तो आपल्या पुण्याचाच आहे. १९६० च्या दशकात पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. दीनाभाना नावाच्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला, त्याबद्दल त्यांच्यावर कारवाई झाली, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले तिथेच काम करणारे कांशीराम. सहकारी डी. के. खापर्डे यांनी त्यांच्या हातात बाबासाहेबांचं 'जातिप्रथेचे विध्वंसन' दिलं. त्यातून १९७१ साली पुण्यात मागासवर्गीय आणि अल्पसंख्य कर्मचाऱ्यांची संघटना नोंदवली गेली आणि ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ. एका सुट्टीच्या भांडणातून देशाचं राजकारण बदलणारी कर्मचारी संघटना उभी राहते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलेलं आहे.

पण बामसेफची रचना लक्षात घ्या. तिने कर्मचाऱ्यांच्या पगार-बढतीची भांडणं मुद्दाम हाती घेतली नाहीत. समाजाने दिलेलं समाजाला परत करा, हा तिचा आग्रह. ते शक्य होतं, कारण तिचा सभासद सरकारी नोकरीत कायम होता. त्याला काढून टाकायला सरकारलाही नोटीस, चौकशी, सुनावणी करावी लागे. १९९१ नंतर नोकऱ्या खासगीत गेल्या. तिथे आरक्षण नाही, कायमपण नाही आणि जुन्या संघटनेला पाय ठेवायला जागा नाही. आपल्या समाजाची संघटनेची सवय सरकारी कार्यालयाच्या कंपाउंडपाशीच थांबली. मागासवर्गीय कर्मचारी संघटना एसटीत आहे, वीज कंपनीत आहे, झेडपीत आहे. हिंजवडीत काय आहे?

मालकांची मात्र तिथे भक्कम संघटना आहे. नॅसकॉम १९८८ ची. तिचे सभासद कंपन्या आहेत, माणसं नव्हेत. २००६ मध्ये तिच्या पुढाकाराने नॅशनल स्किल्स रजिस्ट्री सुरू झाली, आयटी कर्मचाऱ्यांची पडताळलेली यादी. म्हणजे लोखंड्यांना जी यादी करता आली नाही ती अखेर झाली, पण मालकांच्या सोयीसाठी. त्याच सुमारास खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची चर्चा देशात चालू होती. सीआयआयसारख्या उद्योगांच्या संघटनांनी सक्ती नको, आम्ही स्वेच्छेने करू, असं सांगून तो विषय थंड केला. आपल्याबद्दलचा निर्णय झाला आणि तिथे आपला सभासद एकही नव्हता. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सारख्या पात्रतेचे अर्ज, फक्त आडनाव दलित, आणि मुलाखतीची बोलावणी कमी. स्वेच्छेचा अर्थ काय होता, ते यावरून कळावं.

व्यावसायिकांच्या अभ्यासू संस्थाही आहेत. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ ची, अमेरिकेतली एसीएम १९४७ ची. त्यांच्या सभासदत्वाला आम्ही कमी लेखत नाही. व्याख्यानं, मासिकं, परिषदा आणि मुख्य म्हणजे ओळखी. ज्याचा मामा-काका आधीच कंपनीत आहे त्याला या ओळखी घरात मिळतात. आपल्या पोराला त्या वर्गणी भरूनच मिळणार, त्यामुळे त्याच्यासाठी ती वर्गणी जास्त मोलाची आहे. शिकत असताना विद्यार्थी सभासद होता येतं, ते स्वस्तही पडतं. पण नोकरीवरून काढलं तर या संस्था भांडायला येणार नाहीत, हे आधीच समजून घ्यावं. त्यांचं ते कामच नाही.

ते काम युनियनचं. आणि 'प्रोफेशनलला युनियन नसते' हे कायद्याला धरून नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या 'वर्कमन'च्या व्याख्येत कुशल काम करणारे पहिल्यापासून होते आणि तांत्रिक काम करणारे १९५६ च्या दुरुस्तीने आले. तमिळनाडूच्या कामगार खात्याने २०१६ मध्ये आयटी कर्मचारी युनियन करू शकतात हे स्पष्ट केलं. चेन्नईत टीसीएसमधल्या कपातीच्या वेळी पुढे आलेली एफआयटीई आज पुण्यातही आहे. आणि पुण्यातूनच चालणारी एनआयटीईएस आहे. २०२२ मध्ये इन्फोसिसच्या करारातल्या एका कलमाविरुद्ध ती केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेली. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत त्याच ग्राहकासाठी काम करायचं नाही, असं ते कलम होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून जास्त नवे प्रशिक्षणार्थी काढले गेले, तेव्हाही तिने तक्रार केली आणि मंत्रालयाने कर्नाटकच्या कामगार खात्याला लक्ष घालायला सांगितलं. निकाल काय लागला हा वेगळा भाग. एकट्या प्रशिक्षणार्थीच्या ईमेलवर मंत्रालय पत्र काढत नाही, एवढं तरी मान्य करावं लागेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियनच एकटी वाटाघाटी करू शकते. तेवढा कुणाचाच नसेल तर २० टक्के असलेल्यांची मिळून परिषद. हे मालकधार्जिणं आहे, असं आमचं मत आहे. पण तरतूद कायद्यात आहे, आणि तिचा अर्थ असा की आता सभासदांचं डोकं मोजलं जाणार आहे. बाहेरून सहानुभूती असणारा मोजला जात नाही.

आता दुसऱ्या उत्तराकडे येऊ, आडनावाच्या भीतीकडे. ही भीती खोटी नाही. युनियनमध्ये गेलो तर मालक बघेल आणि युनियनमधले सहकारी जात बघतील, हे दुहेरी ओझं आपल्याच मुलांवर आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर दलित अभियंत्याला जातीवरून वागवल्याबद्दल खटला भरला, तेव्हा सिलिकॉन व्हॅलीतही विणकाम खातं आहे हे जगाला कळलं. पण पुढचं बघा. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या जगातल्या मुख्य संस्थेने, आपल्या आचारसंहितेत भेदभावाच्या कारणांमध्ये 'जात' हा शब्द घातला. आपली पोरं रोज ज्या एचटीएमएल-सीएसएसवर पोट भरतात, त्याच्या घरात जातीचं नाव लिहून तिला मनाई केलेली आहे. हे आम्ही सांगितलं की बहुतेकांना ठाऊक नसतं. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत तर प्राध्यापकांच्या युनियनने जात हा विषय व्यवस्थापनाशी केलेल्या सामूहिक करारात आणला आणि २०२२ च्या जानेवारीत विद्यापीठाच्या धोरणातही तो आला. हे आपोआप घडलं नाही. तिथे आपली माणसं वर्गणी भरून बसलेली होती, बोलत होती आणि मतदान करत होती. १९२८ मध्ये जी मागणी पुढाऱ्यांच्या गळी उतरवावी लागली, तिचंच हे पुढचं पान आहे.

म्हणून पुण्यातल्या युनियनमध्ये जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचं सांगणं आहे. फॉर्म भरताना घटना मागून घ्या. तिच्यात जातीय भेदभाव हा युनियनच्या कामाचा विषय म्हणून लिहिला आहे का, ते बघा. नसेल तर सभासद होऊन पहिल्या सर्वसाधारण सभेत ती दुरुस्ती मांडा. "आपण सगळे कर्मचारी, इथे जात कशाला" असं कुणी म्हणेलच. त्याला मनमाडचं भाषण वाचायला द्या.

उरला प्रश्न घरी बसून काम करणाऱ्यांचा, आणि आमच्या गावाकडे तेच वाढताहेत. यांना मालक एक नाही, दहा आहेत, आणि दहापैकी तीन पैसे बुडवतात. काम कधी संपलं म्हणायचं, दुरुस्त्या किती वेळा, रात्री फोन आला तर घ्यायचा का, काहीच ठरलेलं नसतं. आम्हाला यात जुनं महारकीचं वतन दिसतं. काम किती याला मर्यादा नाही आणि मोबदला किती हे देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते यासाठीच. आमच्या माहितीतल्या एका मुलीने शहरातल्या दुकानदाराची वेबसाइट करून दिली. चार महिने "उद्या बघू" ऐकल्यावर तिने तो विषय सोडून दिला. तिच्याकडे लेखी कागद नव्हता. लेखी करार करून हक्क दिलेला नसेल तर स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या कोडचा पहिला मालक तोच असतो, हे १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो, आणि हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. उद्यम नोंदणी असती तर २००६ च्या लघुउद्योग कायद्याखाली जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं त्या दुकानदारावर बंधनकारक होतं, नाही दिले तर व्याजासह तक्रार करता आली असती. हे सगळं वकिलाला माहीत असतं, पण पंधरा हजारांच्या कामासाठी वकील कोण करणार? एकटीला परवडत नाही ते वीस जणांच्या वर्गणीत परवडतं. एक छापील करारनामा, आगाऊ रकमेचा एक ठरलेला नियम, आणि पैसे बुडवणाऱ्याला एकाच्या नावाने नव्हे तर संस्थेच्या लेटरहेडवर जाणारी नोटीस.

सोसायटी नोंदणी कायदा १८६० चा आहे आणि त्याखाली संस्था करायला सात माणसं पुरतात. सहकारी संस्था करायची तर महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा. निमगाव केतकी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हे काम करणारी अकरा मुलंमुली आम्ही आतापर्यंत मोजली आहेत. सगळी बौद्ध नाहीत. माळी आहेत, धनगर आहेत, एक मुसलमान मुलगा आहे. पहिल्या बैठकीत दोन गोष्टी ठरवायच्या आहेत, वर्गणी किती आणि घटनेच्या पहिल्या पानावर काय लिहायचं. वर्गणीबद्दल घासाघीस होईल. पहिल्या पानाबद्दल आमचा आग्रह आम्ही आधीच कळवलेला आहे.